वर न गेलेलं बाकडं

शालिकराम लांजेवार इटालियनमध्ये मोजायचा. तीनपर्यंतच. पुढचं त्याला येत नव्हतं आणि लागतही नव्हतं. गर्डर वर चढवायचा असला की तो कमरेचा गमछा आवळायचा, पाय रोवायचा आणि हाळी द्यायचा, "उनो, दुए, त्रे." त्रे म्हटलं की सगळ्यांनी चेन ओढायची. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हाच्या आमच्या गँगमध्ये तेलुगू होते, ओडिया होते, बालोदकडचे छत्तीसगढी होते आणि भंडाऱ्याकडचे आम्ही चौघे-पाच होतो. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत एक-दोन-तीन म्हटलं असतं तर रोज कुणाचा तरी अंगठा गेला असता. उनो-दुए-त्रे कुणाचंच नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं झालं. एका रशियन इंजिनियरला तर ती मराठीच वाटली. तो बिचारा कौतुकानं शिकला आणि दुसऱ्या मराठी माणसाला जाऊन म्हणाला, बघा, मला तुमची भाषा येते. त्या माणसानं काय समजून घेतलं कोण जाणे.

आता लाखांदूरकडचा हा माणूस इटालियन कुठं शिकला? सांगतो. माझं सांगणं जरा लांबतं. घरचे उठून जातात. पण तुम्ही वाचायलाच बसला आहात, तुम्ही कुठं जाणार.

मोठ्या लढाईच्या वेळी शालिकराम भोपाळजवळ बैरागडला होता. आफ्रिकेत पकडलेले इटलीचे कैदी तिथं हजारोंनी ठेवले होते. पहारेकऱ्यांच्या लंगरात कांदे चिरायचं काम शालिकरामकडं. तारेच्या आत कैदी गाणी म्हणायचे, टमाटे लावायचे आणि दिवस कलला की फुटबॉल खेळायचे. त्यांच्यातल्या बेप्पे नावाच्या माणसाशी ह्याची गट्टी जमली. बेप्पे तिकडं तोरिनो शहरात ट्राम चालवायचा. दोघांनाही मोडकीतोडकी हिंदुस्तानी येत होती, आणि जिथं शब्द संपायचे तिथं कांदे होते.

बेप्पेनं कांदे मांडून त्याला आपल्या देशाची फुटबॉलची रीत समजावली. एका रांगेत सोळा कांदे. ही वरची लीग. सोळा गावांच्या सोळा टीम. प्रत्येकीनं प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा तिच्या. जिंकलं की दोन गुण, बरोबरी झाली की दोघांना एकेक. रविवारी दुपारी सगळीकडं सामने. आपल्याकडं तोवर शिल्डची स्पर्धा असायची, म्हणजे हरला तो घरी. एका दिवशी गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन आलं की टीमचं वर्ष संपलं. तिकडं एक हार म्हणजे एक हार, बस. वर्षभर खेळत राहायचं आणि शेवटी गुण बघायचे. जो पहिला येईल त्यानं पुढचं वर्षभर त्यांच्या झेंड्याच्या तीन रंगांची एक चिमुकली ढाल सदऱ्यावर शिवून मिरवायचं.

इथवर कुणालाही पटेल. खरी मेख तळाशी होती. बेप्पेनं रांगेतले शेवटचे दोन कांदे उचलले आणि खालच्या रांगेत नेऊन ठेवले. खालच्या रांगेतले पहिले दोन उचलून वर आणले. शेवटचे ते खाली, खालचे पहिले ते वर, दरवर्षी. शालिकरामनं विचारलं, राजाची टीम शेवटची आली तर? बेप्पे म्हणाला, तिलाही जावं लागेल. शालिकराम म्हणायचा की त्या दिवशी त्यानं कांदे चिरलेच नाहीत, नुसता बघत बसला. गावात त्यानं ओट्यावर बसणारे ओट्यावर आणि खाली बसणारे खालीच पाहिले होते. तळाचा माणूस आपल्या पायांनी वर जाऊ शकतो आणि वरच्याला निमूट उतरावं लागतं, असा नेम कुठंतरी माणसं पाळतात, हे त्याला नवीन होतं.

छावणीतल्या कैद्यांनी स्वतःच्याही दोन लीग केल्या होत्या, आणि त्यात एक रीत होती. ती इटलीत नसावी, छावणीतलीच असावी. प्रत्येक टीमचं एक बाकडं असायचं, मैदानाच्या कडेला बसायला. वर्ष संपलं की तळाच्या टीमनं आपलं बाकडं खांद्यावर घेऊन खालच्या मैदानाकडं निघायचं, आणि वर येणाऱ्या टीमनं आपलं घेऊन वर. वाटेत दोघं भेटले की बाकडी टेकवायची, एकत्र बसून काहीतरी प्यायचं, मग आपापल्या वाटेनं जायचं. कुणी कुणाला काढलं नाही, कुणी कुणाला घेतलं नाही. दोघं आपले चालत गेले.

हे सगळं पोटात घेऊन शालिकराम अठ्ठावन्न साली भिलाईला आला. गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये त्याच्या शेजारी शेजारच्या गावचा देवराव हटवार बसला होता. पोरसवदा, लुकडा, डावा पाय असा तेज की फलाटावरचा खडासुद्धा त्यानं मारला की वळून जायचा. देवरावला इथं कुणी नव्हतं. शालिकरामनं त्याला कैंप-१ मधल्या आपल्या झोपडीत आणलं. शालिकरामची बायको गयाबाई दोन भाकरी जास्त थापायला लागली आणि ते तसंच चालू राहिलं. पुढं देवरावला भिलाई-३ च्या यार्डात पॉइंट्समनची, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलायची, नोकरी लागली, तिकडं खोली मिळाली, तरी सुट्टीच्या दिवशी तो जेवायला इकडंच. गयाबाईला तो "वैनी" म्हणायचा आणि ती त्याच्या ताटात न विचारता मिरचीचा ठेचा टाकायची.

पहिली भट्टी पेटली, जरा बस्तान बसलं, तसा शालिकराम पिशवीत कांदे घेऊन कैंपात फिरायला लागला. प्रत्येक प्रांताच्या माणसांची एकेक फुटबॉल टीम होतीच. मल्याळी होते, बंगाली होते, तेलुगू, पंजाबी, ओडिया. वैनगंगेकडच्या आमची "वैनगंगा", तिचा कप्तान शालिकराम आणि लेफ्ट बॅक मी. भिलाई-३ च्या रेल्वेवाल्या मराठी पोरांनी "सिग्नल क्लब" काढला होता, त्याचा कप्तान देवराव. शालिकराम एकेका कप्तानासमोर जमिनीवर कांदे मांडायचा. लोक त्याला कांदेवाला म्हणायला लागले. एका पंजाबी कप्तानानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि कांदे भाजीसाठी ठेवून घेतले.

पण पटलं. रीत पटण्याचं कारण साधं होतं. सगळेच परगावचे होते. इथं ओटा कुणाचाच नव्हता.

बारा टीम जमल्या. पहिल्या वर्षी वर कोण, खाली कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वर सहा, खाली सहा. एक उतरेल, एक चढेल. वरचे सामने कैंपाच्या मैदानावर, जिथं बुलडोझर फिरून जमीन ताटासारखी झाली होती. खालचे कोहक्याच्या मुरमाड माळावर, जिथं एका बाजूचा गोल दुसऱ्या बाजूपेक्षा हातभर उंच होता आणि गुरांची वाट मधूनच जायची. पंच म्हणून एक रशियन फिटर मिळाला. त्याला कुणाचीच भाषा कळत नव्हती, त्यामुळं त्याच्यापुढं रडगाणं गाता येत नव्हतं. असा पंच मी पुन्हा पाहिला नाही. बाकड्यांसाठी देवरावनं रेल्वेच्या लिलावातले साल लाकडाचे, रुळांखालचे जुने स्लीपर मिळवले. शालिकरामनं ती बाकडी स्वतः ठोकली. वजन असं की चौघांशिवाय हलायचं नाही. मुद्दामच तसं केलं, म्हणाला. उतरताना जड वाटलं पाहिजे.

नेम आधीच सांगून ठेवले होते. त्यात एक असा, तळाशी दोघांचे गुण सारखे झाले तर? बेप्पेच्या छावणीत ह्यावरून भांडणं व्हायची, कारण त्यांच्याकडंही काही वर्षं गोलांचा हिशेब धरत आणि काही वर्षं दोघांचा वेगळा सामना लावत. शालिकरामनं सामन्याचा नेम धरला. मैदानावर ठरू दे, म्हणाला.

आणि पहिल्याच वर्षी तळाशी कोण आलं असेल? आम्ही. आम्ही आणि बंगाली, गुण सारखे. गोल मोजले असते तर आम्ही आरामात वाचलो असतो. तुळसाबाईच्या चहाच्या टपरीसमोर काळा रंग दिलेला पत्रा होता, त्यावर खडूनं गुण लिहायचे. त्या पत्र्यासमोर उभे राहून आमची पोरं शालिकरामच्या मागं लागली. लीग तुमची, नेम तुमचा, गोल मोजा ना. देवरावही म्हणाला, मोजा भाऊ, कुणी काही म्हणणार नाही. शालिकराम म्हणाला, "सांगतलं थे सांगतलं." सामना झाला. एका गोलनं हरलो. तो गोल माझ्या बाजूनं झाला, पण त्याची हकीकत वेगळी आहे, तिच्यात एक म्हैस येते. ती राहू द्या.

आता उतरायचं होतं. आमच्या टीममध्ये तेजराम नावाचा एक दांडगा सेंटर हाफ होता, तो म्हणाला, मला लाज वाटते, मी येत नाही. चार खांद्यांतला एक कमी पडला. तेव्हा देवराव पुढं आला. सिग्नल क्लब त्या वर्षी वर तिसरा आला होता, त्याला उतरायचं काही कारण नव्हतं. त्यानं जोडे काढले, बाकड्याखाली खांदा दिला आणि त्यानंच मोजलं, उनो, दुए, त्रे. कैंपातून कोहक्याच्या वळणापर्यंत तो आमच्याबरोबर आला. वळणावर तुळसाबाईची टपरी. तिथं वर येणारी ओडिया टीम आपलं बाकडं घेऊन पोचली होती. बाकडी टेकवली. तुळसाबाईनं दोन टीमचा चहा एकाच भगोन्यात केला होता. ओडिया पोरं इतकी खूश की त्यांना आमच्याकडं बघायला संकोच होत होता. देवरावच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, पुढल्या साली हे बाकडं मीच वर आनीन. तुमी फकत पहिले या."

शालिकरामला तेवढं पुरलं. त्यानं तिथंच सांगितलं की आता आपण खाली आहोत, तेव्हा वरच्या कमिटीचं काम देवरावनं बघावं. लिहिता-वाचता येतं, माणूस आपला आहे. देवराव चिटणीस झाला.

कोहक्याचं ते वर्ष मला आयुष्यातलं सगळ्यात मजेचं वर्ष वाटतं, खोटं कशाला बोलू. उंच गोलकडं खेळताना दम लागायचा, खालच्या गोलकडं खेळताना चेंडू थांबायचा नाही. सामना रंगात आला की गुराखी गुरं घेऊन मधून जायचा आणि रशियन फिटर शिट्टी वाजवून गाईंनासुद्धा ऑफसाइड द्यायचा. बघायला मात्र माणसं वरच्यापेक्षा जास्त. कारण इथं पहिला येणारा वर जाणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तेजराम दोन सामन्यांनंतर मुकाट्यानं परत आला. शालिकरामनं काही विचारलं नाही, फक्त सरावात त्याला पळवलं तेवढं.

शालिकरामला काय हवं होतं ते त्यानं एकदाच बोलून दाखवलं, आणि तेही गयाबाईला. मी अंगणात जेवत होतो म्हणून ऐकलं. त्याला ढाल नको होती, नाव नको होतं. त्याला आपलं बाकडं खांद्यावर घेऊन त्या वळणावरून चढ चढून वर जायचं होतं. गयाबाई म्हणाली, "मंग जा की. तुमाले कोन धरून राहिलं?"

आम्ही पहिले आलो. शेवटचा सामना संपायच्या आधीच पहिले आलो होतो. आणि पत्र्यावर वरच्या लीगमध्ये, बघा कसं असतं, तळाशी कोण? सिग्नल क्लब. त्यांचे दोन चांगले खेळाडू बदली होऊन गेले होते आणि देवरावचा डावा गुडघा सुजला होता. आम्हाला वाईट वाटलं. शालिकरामला तर इतकं वाटलं की तो म्हणाला, वळणावर भेटले की आपण त्यांचं बाकडं कोहक्यापर्यंत पोचवू आणि मग आपलं वर नेऊ. गेल्या वर्षी त्यानं खांदा दिला, ह्या वर्षी आपण देऊ. गयाबाईनं देवरावसाठी डब्यात ठेचा बांधून दिला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही कोहक्याहून बाकडं उचललं. गळ्यात झेंडूच्या माळा, पुढं एक ढोलकीवाला छत्तीसगढी. वळणावर पोचलो. तुळसाबाईनं भगोनं भरून चहा ठेवला होता, दोन टीमचा. वरून कुणी आलं नव्हतं.

आम्ही बाकडं टेकवलं आणि त्यावर बसलो. गाडी उशिरानं आली असेल, म्हणालो. यार्डात ड्यूटी असेल. तुळसाबाईनं चहा उतरवला, पुन्हा चढवला. ढोलकीवाला वाजवून वाजवून कंटाळला आणि बाकड्याखाली सावलीत आडवा झाला. ऊन डोक्यावर आलं. चहाला तांबडी साय धरली. शालिकराम रस्त्याच्या मधोमध उभा होता, वरच्या बाजूला तोंड करून. शेवटी म्हणाला, "चला. त्याचा गुडघा दुखत असन. आपनच तिथं जाऊन आनू."

वरच्या मैदानावर सहा बाकडी ओळीनं मांडलेली होती. सहाव्यावर सिग्नल क्लबची पोरं बसली होती, नवे निळे सदरे आणि नवे जोडे घालून. देवराव मधोमध बसला होता. आम्हाला बघून तो उठला.

"भाऊ, उतरवा थे. खांदा दुखून येईन."

शालिकरामनं बाकडं उतरवलं नाही. खांद्यावर ठेवूनच विचारलं, "तुयं बाकडं कावून नाई निंघालं?"

देवरावनं सांगायला सुरुवात केली आणि तो इतकं सलग बोलला की ते पाठ केलेलं होतं हे कुणालाही कळलं असतं. वरच्या सहा टीमची बैठक झाली. ह्यापुढं वरचे सहा ते पक्के सहा, कुणी उतरणार नाही, कुणी चढणार नाही. सिग्नल क्लबला एका ठेकेदारानं जोडे दिले, सदरे दिले. खालच्या टीमला तो काही देणार नाही. टीम फुटेल, पोरं रस्त्यावर येतील. बाकीच्या पाच टीमनाही बरंच वाटलं, कारण उद्या त्यांच्यापैकी कुणी तळाशी असेल. सगळ्यांच्या मतानं ठरलं.

"आमाले बलावलं नाई बैठकीले," तेजराम म्हणाला.

"बैठक वरच्याइची होती."

हे देवरावच्या तोंडून सहज निघून गेलं. निघाल्यावर त्यालाही कळलं. त्यानं शालिकरामकडं पाहिलं आणि घाईनं शेवटचा पत्ता टाकला. म्हणाला, हे काही आपण नवीन केलं नाही. इटलीतसुद्धा झालंय. लढाई संपल्यावर त्रिएस्तेची टीम सगळ्यात शेवटी आली होती, तिला खाली पाठवलं नाही. वरतीच ठेवलं. ड्रॉइंग ऑफिसातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसानं सांगितलंय.

"तुमच्याच इटलीत, भाऊ. तुमच्याच बेप्पेच्या देशात."

मी शालिकरामच्या मागच्या खांद्याला होतो. बाकडं एकदम खाली आल्यासारखं झालं. त्याचं वजन त्यानं सोडलं नव्हतं, पण आत काहीतरी सुटलं असावं. बेप्पेनं त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कसा, ते झालं तेव्हा बेप्पे घरी गेलेला. पण शालिकरामच्या मनात इतकी वर्षं त्या सोळा कांद्यांची रांग जशीच्या तशी होती, आणि आता तळाचा एक कांदा कुणीतरी गुपचूप वर ठेवलेला त्याला दिसत होता.

पुढं मी त्या ड्रॉइंग ऑफिसवाल्याला गाठलं. भला माणूस होता. तो म्हणाला, मी देवरावला पूर्ण गोष्ट सांगितली होती. त्या वेळी ते शहर परक्या फौजांच्या ताब्यात होतं, त्या टीमला आपल्या घरच्या मैदानावर खेळायलाच मिळालं नव्हतं, म्हणून तिला राहू दिलं. आपल्या सिग्नल क्लबच्या मैदानावर कुणाची फौज बसली होती, असं त्यानं मलाच विचारलं. देवरावनं अर्धी गोष्ट उचलली आणि अर्धी तिथंच ठेवली. पण हे त्या दिवशी आम्हाला माहीत नव्हतं.

शालिकरामनं खांद्यावरचं बाकडं सावरलं. मग म्हणाला, "झालं असन तिकडं. मी तुले थे नाई शिकवलं."

देवरावच्या एका पोरानं मागून काहीतरी हसून म्हटलं, तर त्यानं त्याला गप्प केलं. मग हळू आवाजात म्हणाला की सातवी टीम म्हणून तुमाले घेता येईन, मी बोलतो बाकीच्याइशी, तुमच्यासाठी आपन करू.

"मी पहिला आलो देवा," शालिकराम म्हणाला. "मेहरबानीनं नाई आलो."

डबा त्यानं देवरावच्या बाकड्यावर ठेवला. वैनीनं दिलाय, एवढंच म्हणाला. मग तो वळला आणि आम्ही त्याच्याबरोबर वळलो. त्यानं उनो-दुए-त्रे म्हटलं नाही. चार खांदे चार वेळी हलले, बाकडं तिरपं झालं आणि तेजरामची बोटं स्लीपरच्या कडेखाली सोलवटली.

वळणावर आलो तर तुळसाबाई तो चहा माळावर ओतून देत होती. शालिकरामनं बाकडं टपरीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उतरवायला लावलं. आम्ही म्हणालो, कोहक्याला नेऊ या ना, उद्या सराव आहे.

"हे खालचं नाई आता," तो म्हणाला. "आपन पहिले आलो."

"वर तं घेत नाईत भाऊ."

"मंग इथंच राहू दे."

आणि ते तिथंच राहिलं. इतकं जड की कुणी चोरून नेण्याचाही प्रश्न नव्हता.

वरच्या पक्क्या सहाचं काय झालं ते सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी धूमधडाक्यात खेळले. दुसऱ्या वर्षी तळाला असलेली टीम शेवटच्या सामन्यांना यायचीच बंद झाली. कशाला येईल? उतरायचं नव्हतं, चढायचं नव्हतं. बघणारी माणसं कोहक्याला येऊन गाई-ऑफसाइड बघत बसली. मग त्या मैदानावर कामगारांचे क्वार्टर उभे राहिले आणि ती लीग कुणाच्या लक्षातही न येता संपली. तोवर आमच्यातले दोघे, त्यात आमचा गोलकीपर, जोड्यांसाठी सिग्नल क्लबकडं गेले होते. शालिकरामनं त्यांना अडवलं नाही. फक्त त्यांचे सदरे गयाबाईनं धुऊन, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि ते पेटीतच राहिले.

कोहक्याची लीग मात्र चालली. शालिकरामनं तिच्याखाली आणखी एक लावली. त्या दोन्हींमध्ये बाकडी दरवर्षी खाली-वर होत राहिली. काही वर्षांनी एका सुट्टीला देवराव आला. गुडघा पुरता गेला होता, कप्तानी सुटली होती, ठेकेदार दुसरीकडं गेला होता. सिग्नल क्लबला खेळायला जागा नव्हती. अंगणात उभा राहूनच बोलला, आमच्या पोरांना घ्या.

शालिकराम पाना घेऊन सायकलची चेन बसवत होता. त्यानं मान वर केली नाही. पण आवाज साधा होता. म्हणाला, "तळाले जागा हाये. नवा येईन थो तळालेच. बाकडं घेऊन या. मी खांदा देतो."

देवराव म्हणाला, पोरांना विचारून सांगतो. गयाबाई आतून बाहेर आली, त्याच्याकडं बघितलं, आणि आत गेली. जेवायला बस म्हणाली नाही. तो आला आणि तिनं ते म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

पोरं तयार झाली नाहीत, की देवरावनं विचारलंच नाही, मला माहीत नाही. त्या वर्षी शालिकरामनं पत्र्यावर सगळ्यात खाली एक ओळ रिकामी ठेवायला सांगितली. हंगाम संपेपर्यंत ती रिकामीच होती. पुढच्या वर्षी त्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही तिथं दुसरी टीम लिहिली.

पुढं वळणावर बस थांबायला लागली. सगळा कैंप त्या बाकड्यावर बसायचा. मीही बसलोय, बसून गप्पा मारता मारता किती बसगाड्या सोडल्या असतील. शालिकराम मात्र उभा राहायचा. एकदा मी म्हटलं, बसा ना भाऊ, तुमीच तं ठोकलं. म्हणाला, "थे टीमचं हाये लहानू. टीम वर गेली की बसू."

एका दुपारी मी तिथं गेलो तर रस्त्यावर माझ्याशिवाय दोघंच होते. बाकड्याच्या ह्या टोकाला शालिकराम उभा, त्या टोकाला देवराव उभा, काठी टेकून. दोघांनाही दुर्गला जायचं होतं. दोघांचीही तोंडं रस्त्याकडं. मधे ते लांबलचक बाकडं रिकामं, ऊन खात पडलेलं. टपरीतून तुळसाबाईनं दोघांना हटकलं, तिच्या छत्तीसगढीत, "दुनो झन ठाढ़े हव, अउ बेंच ह खाली परे हे." म्हणजे दोघं उभे आणि बाकडं रिकामं.

देवरावनं बाकड्याकडं पाहिलं. सालाचे ते स्लीपर त्यानंच लिलावातून आणले होते. काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यानं एक हात बाकड्याच्या कडेवर ठेवला, खालच्या बाजूनं, उचलायला धरतात तसा. शालिकरामनं ते पाहिलं असणार. पण त्यानं मोजलं नाही. मग बस आली. देवराव पुढच्या दारानं चढला, शालिकराम मागच्या.